अंधारातले फोटो एडिट करताना एक्सपोजर किती वाढवायचं आणि कुठं थांबायचं?

घाटावरचा:

नमस्कार मंडळी. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर पणत्यांचे फोटो काढले, रॉ (कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाईल) आणि जेपीईजी दोन्ही आहेत, आयएसओ १६००, एफ/२.८, शटर १/६० च्या आसपास. आता एडिटला बसलोय आणि एकाच प्रश्नावर गाडं अडलंय. रात्री लॅपटॉपवर बघतो तेव्हा फोटो लई भारी दिसतो, पायऱ्या, मागची देवळं, पाण्यातली प्रतिबिंबं, सगळं दिसतं. तोच फोटो सकाळी मोबाईलवर आईला दाखवला तर ती म्हणते अरे यात काहीच दिसत नाही, नुसते ठिपके. मग एक्सपोजर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर नेलं तर आकाश राखाडी झालं, काळ्या भागात लाल-हिरवे कण उठले आणि पहाटेचा फोटो दिवे लागणीच्या वेळेचा वाटायला लागला.

तीन फोटो निवडलेत. प्रचि (प्रकाशचित्र) १ सगळा घाट, वरून. प्रचि २ एक आजी पणती लावतायत, चेहऱ्यावर खालून पणतीचा उजेड, मागं काळोख. प्रचि ३ रांगोळीभोवती पणत्या, जवळून. तिन्हीचा हिस्टोग्राम डावीकडं गोळा झालाय. यूट्यूबवर जो तो सांगतो हिस्टोग्राम मधे आणा, पण रात्रीचा फोटो मधे आणून करायचं काय? फोटो अंडर (उजेड कमी पडलेला) आहे का मुळात रात्रच आहे हे ठरवायचं कसं? प्रचि २ आमच्या मंडळाच्या प्रदर्शनासाठी १२ बाय १८ प्रिंट करायचाय, त्यामुळं जरा खोलात जाऊन सांगा.

रॉ_मटेरियल:

मस्त धागा, आणि प्रचि २ खरंच सुंदर आलाय.

हिस्टोग्राम मधे आणा हा सल्ला रात्रीच्या फोटोला लागूच होत नाही, तो डोक्यातून काढून टाका. हिस्टोग्राम फक्त एवढंच सांगतो की ० ते २५५ मधे कुठल्या उजेडाचे पिक्सेल किती आहेत. ज्या फ्रेममधे तीन चतुर्थांश काळोख आहे तिचा ढीग डावीकडेच असणार, तो तिथेच असायला हवा. बघायचं ते वेगळं, डावीकडचा ढीग उतरत उतरत भिंतीपर्यंत येतोय का भिंतीवर आपटून कापला गेलाय, आणि कापला गेला असेल तर नेमकं काय कापलं गेलंय. आजींच्या मागचं आकाश शून्यावर गेलं तर काही बिघडत नाही, पण त्यांच्या पदराच्या चुण्या शून्यावर गेल्या तर बिघडतं. लाइटरूममधे (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) ब्लॅक्सचा, म्हणजे सगळ्यात काळ्या भागाचा, स्लायडर ऑल्ट दाबून हलवा, सगळा स्क्रीन पांढरा होतो आणि जिथे तपशील मेलाय तेवढाच भाग दिसतो. तेच एक्सपोजरच्या स्लायडरला करा, तिथे उलटं, स्क्रीन काळा होतो आणि जे जळलंय, म्हणजे इतकं उजळ झालंय की तपशील गेलाय, ते दिसतं.

तर फोटो अंडर आहे का रात्र आहे, याचं उत्तर अख्ख्या फ्रेमकडे बघून मिळत नाही. फोटोत ज्याच्यासाठी थांबलो ती एक गोष्ट धरायची. प्रचि २ मधे ती म्हणजे आजींचा उजेडातला गाल. तो गाल किती उजळ असायला हवा ते ठरवा, एक्सपोजर तेवढंच न्या, बाकी काळोखाला काळोख राहू द्या. हिस्टोग्रामखाली कर्सरखालच्या भागाची टक्केवारी दिसते. १८ टक्के ग्रे, म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर ज्याला मधला उजेड मानतं तो, तिथे साधारण ४६ टक्के दिसतो, २५५ च्या हिशोबात ११८ च्या आसपास. पणतीच्या उजेडातला चेहरा मी त्याच्या थोडा खाली, ३५ ते ४५ मधे ठेवतो. तुमचा आत्ता किती आहे ते बघून सांगाल का?

मीटरबद्दलही एक. कॅमेऱ्याला रात्र आहे हे कळत नाही, समोर जे आहे त्याची सरासरी मधल्या ग्रेवर आणायची एवढंच त्याला येतं. म्हणून काळोख जास्त असला की तो ओव्हर (जास्त उजळ) करतो आणि ज्योती मधोमध भरपूर असल्या की घाबरून अंडर करतो. प्रचि ३ अंडर वाटतोय तो बहुतेक त्यामुळे.

माजघर:

मी फक्त मोबाईलवर फोटो काढते, पण स्क्रीनबद्दल लिहायचंय कारण हे कोणीच पहिल्यांदा सांगत नाही. रात्री, खोलीतला दिवा बंद, लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण. अशा वेळी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात आणि अगदी काळपट भागसुद्धा उजळ दिसतो. तोच फोटो उन्हात बसून बघितला की काळाठिक्कर. दादा, आईचं काहीच चुकलेलं नाही हो, त्यांनी सकाळच्या उजेडात बघितला.

घरच्या घरी करायचा उपाय म्हणजे खोलीत नेहमीसारखा दिवा लावायचा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडायचं आणि शेजारी पांढरा कागद धरायचा. स्क्रीन कागदापेक्षा दिव्यासारखा झगमगत असेल तर ब्राइटनेस कमी करत करत दोघं एकसारखे वाटतील तिथे थांबायचं. आणि नाइट लाइट, ट्रू टोन, ऑटो ब्राइटनेस हे सगळं बंद, नाहीतर दर तासाला वेगळा फोटो एडिट केल्यासारखं होतं.

रॉ_मटेरियल:

@माजघर, शंभर टक्के अनुमोदन, आणि आकड्यात सांगायचं तर प्रिंटसाठी एडिट करताना मॉनिटर ८० ते १२० निट्सवर (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) ठेवतात, एसआरजीबीचं, म्हणजे स्क्रीनवरच्या रंगांच्या ठरलेल्या मापाचं, मूळ प्रमाणच ८० चं आहे. आजकालचे लॅपटॉप ३०० च्या पुढे सहज जातात. तेवढ्या झगमगाटात केलेला फोटो प्रिंटला अंधारा येणारच, आणि मग लोक लॅबवाल्याशी भांडतात.

अजून एक गोष्ट, एडिटिंग सॉफ्टवेअरची चौकट काळी-करडी असते आणि काळ्याच्या शेजारी ठेवलेला राखाडी उजळ दिसतो. एमआयटीतल्या एडवर्ड एडल्सन यांचं १९९५ चं ते प्रसिद्ध चौकटीचं चित्र बऱ्याच जणांनी बघितलं असेल, सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन हुबेहूब एकाच छटेचे आहेत पण डोळा काही केल्या मानत नाही. आपला डोळा एक्सपोजर मोजायच्या कामाचा नाही, तो फक्त शेजारच्याशी तुलना करतो. म्हणून लाइटरूममधे फोटोच्या बाहेरच्या करड्या जागेवर राइट क्लिक करून ती पांढरी करा आणि मग बघा. डार्कटेबल वापरणाऱ्यांनी कंट्रोल बी दाबायचं, फोटोभोवती पांढरी चौकट आणि मधला ग्रे येतो, ती सोय याचसाठी आहे. प्रिंटलाही पांढराच माउंट असणार ना.

घाटावरचा:

बापरे, ब्राइटनेस पूर्णच होता. कमी केला, बॅकग्राउंड पांढरी केली, आणि प्रचि २ एकदम खड्ड्यात गेल्यासारखा दिसायला लागला. गालावर २२ टक्के येतायत.

पण एक कोडं आहे. गाल ४० वर न्यायला एक्सपोजर वाढवलं तर एक पूर्ण स्टॉप व्हायच्या आधीच पणतीजवळची हनुवटी आणि बोटं सपाट केशरी झाली, रंगाचा डबा सांडल्यागत. हिस्टोग्राममधे तर उजवीकडं भरपूर जागा रिकामी दिसते, मग जळतंय काय?

रॉ_मटेरियल:

जळतंय ते लाल चॅनेल (फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलचा बनतो). हा पणती, समई, मशाल, शेकोटी सगळ्यांचा समान आजार आहे. ज्योतीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास, म्हणजे त्यात लाल भरमसाट आणि निळा जवळपास नाहीच. आणि आपल्याला जो उजळपणा वाटतो त्यात हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. त्यामुळे लाल २५५ ला टेकला तरी चेहरा अंधाराच दिसतो, तुम्ही अजून एक्सपोजर वाढवता, आणि लाल चॅनेलमधली चेहऱ्यावरची सगळी चढउतार पुसली जाते. हिस्टोग्राममधे पांढरट ढीग बघू नका, लाल रंगाचा डोंगर बघा, तो भिंतीला टेकलेला दिसेल. ऑल्ट दाबून बघितलंत तर हनुवटी लाल डाग होऊन दिसेल.

म्हणून अशा फोटोत एक्सपोजरला हात लावायच्या आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचा पिवळा-निळा तोल. कॅमेऱ्याने ऑटोत काय लावलंय बघा, ३८०० किंवा ४००० असेल तर २७००-२८०० पर्यंत खाली आणा. पांढरंशुभ्र करायचं नाहीये, पणतीचा पिवळेपणा राहिलाच पाहिजे, पण लाल खाली येतो आणि एक्सपोजर वाढवायला जागा होते. हे रॉमधेच नीट होतं, जेपीईजीत लाल एकदा कापला गेला की गेला. त्यानंतर एक्सपोजर, मग हायलाइट्स (उजळ भाग) खाली ओढा. ज्योतीचा गाभा मात्र पांढरा जळू द्या, खुशाल जळू द्या. तो डोळ्यांनाही तसाच दिसतो, आणि तोही राखाडी करायला गेलात तर पणती विझल्यासारखी वाटते.

मांडवाखालचा:

मी लग्नाचे फोटो करतो, माझं मत थोडं वेगळं आहे. इथे सगळे काळोख जपा काळोख जपा म्हणतायत पण फोटो बघणारे नव्वद टक्के लोक मोबाईलवर, बसमधे, उन्हात, व्हॉट्सअॅपवर बघतात. त्यांना माणूस दिसला पाहिजे. संगीतच्या कार्यक्रमात मागे अंधार, पुढे रंगीत दिवे, अशा वेळी मी चेहरे सरळ ५५-६० वर नेतो, शॅडोज (सावल्यांचा भाग) वर करतो. गिऱ्हाईकाला मावशी ओळखू आली पाहिजे, मूड नंतर. कोणी आजपर्यंत म्हटलं नाही की फोटो जास्त उजळ आहे, अंधार आहे असं मात्र दहा वेळा ऐकावं लागतं.

रॉ_मटेरियल:

चेहरा ओळखू यावा हे मान्यच आहे दादा. माझा विरोध शॅडोजच्या स्लायडरला आहे, अख्ख्या फ्रेमवर चालवलेल्या. शॅडोज १०० ला नेलं की मांडवाचा कोपरा, खुर्च्या, मागच्या वायरी, सगळं वर येतं आणि चेहरा पुन्हा त्या गर्दीत हरवतो. उजेड ही बघणाऱ्याला दाखवलेली वाट असते, सगळीकडेच पाडला की वाट उरत नाही. चेहऱ्याला मास्क लावा, म्हणजे बदल तेवढ्याच भागात होतो, तिथे अर्धा-पाऊण स्टॉप द्या, आणि शॅडोज वर केलेच तर ब्लॅक्स थोडे खाली ओढा म्हणजे फोटोत कुठेतरी खरा काळा राहील. फोटोत एकही काळी जागा नसली की डोळ्याला तो धुरकट वाटतो, मग त्याचा उजेड किती का असेना.

मांडवाखालचा:

मास्क हजार फोटोंना लावायला वेळ नसतो हो. पण ब्लॅक्स खाली ओढायचं पटलं, ते मी करून बघतो. आणि अल्बममधे जाणारे पन्नासेक फोटो असतात त्यांना तरी मास्क परवडेल.

कृष्णधवल काका:

तुम्हा मुलांची चर्चा वाचून बरं वाटलं. डार्करूममधे अनेक वर्षं काम केलं आहे, त्यातलं इथे उपयोगी पडेल तेवढं सांगतो.

ही एक गोष्ट धरून तिचा उजेड ठरवायची पद्धत नवी नाही. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास झोन सिस्टिम मांडली, शून्य म्हणजे ठार काळा, दहा म्हणजे कोरा कागद, पाच म्हणजे मधला ग्रे, आणि प्रत्येक पायरी एका स्टॉपची. दृश्यातली महत्त्वाची जागा कुठल्या झोनमधे बसवायची हे फोटो काढतानाच ठरवायचं. ज्या सावलीत पोत दिसायला हवा ती तिसऱ्या झोनमधे. तुमच्या आजींचा गाल साडेचारवर, पदर तीनवर, पायरी दोनवर, आकाश शून्य ते एक, असं कागदावर लिहून ठेवा आणि मग स्लायडरला हात लावा. काय हवं ते आधी ठरलं नसेल तर माणूस स्लायडर पुढे-मागे करत बसतो आणि डोळा प्रत्येक जागेला सरावतो, दहा मिनिटांनी सगळंच बरोबर वाटायला लागतं. म्हणून उठायचं, खिडकीबाहेर बघून यायचं, मग परत बसायचं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. निगेटिव्हला आम्ही सावलीसाठी एक्सपोजर द्यायचो, कारण फिल्मवर सावलीत काही उमटलंच नाही तर नंतर काही करता येत नसे, आणि उजळ भाग डेव्हलपिंगमधे आवरता यायचा. डिजिटलमधे उलट, जळलेलं परत येत नाही, सावलीतून बरंच काढता येतं.

किती काढता येतं ते @रॉ_मटेरियल यांनी सांगावं, तो त्यांचा प्रांत.

रॉ_मटेरियल:

काका, नमस्कार. झोन कागदावर लिहायची कल्पना मी आजपासून वापरणार.

किती काढता येतं ते असं. १४ बिटच्या रॉमधे १६३८४ पायऱ्या असतात, पण त्या सारख्या वाटलेल्या नसतात. सर्वात उजळ एका स्टॉपला निम्म्या, ८१९२. त्याखालच्याला ४०९६, मग २०४८, असं निम्मं निम्मं होत सहाव्या स्टॉपला २५६ उरतात. म्हणजे काळोखात माहिती मुळातच कमी. तरी जेपीईजीपेक्षा कितीतरी जास्त, तिथे अख्ख्या फोटोला मिळून प्रत्येक चॅनेलला २५६ असतात, म्हणून जेपीईजीचं अंधारं आकाश दोन-तीन स्टॉप उचललं की त्यात पट्टे पट्टे दिसतात.

पण कण येतात ते पायऱ्यांमुळे कमी आणि उजेड कमी पडल्यामुळे जास्त. एखाद्या पिक्सेलवर १०००० फोटॉन पडले तर त्यातला चढउतार वर्गमूळाएवढा, १००, म्हणजे एक टक्का. तिथेच १०० फोटॉन पडले तर चढउतार १०, म्हणजे दहा टक्के. स्लायडर तो दहा टक्के फक्त मोठा करून दाखवतो, नवे फोटॉन आणत नाही. म्हणून माझा नियम असा की चेहरा किंवा जे मुख्य आहे ते दीड-दोन स्टॉप उचलायचं, ज्यात मुळात काही नव्हतं ते आकाश अजिबात उचलायचं नाही. @घाटावरचा, तुमचे लाल-हिरवे कण आकाशातलेच आहेत ना?

घाटावरचा:

हो, आकाश आणि मागच्या देवळांची भिंत, तिथंच. आता काय केलं ते सांगतो. काकांनी सांगितलं तसं आधी वहीत लिहिलं, गाल साडेचार, पदर तीन. व्हाइट बॅलन्स ३९०० होता तो २८०० केला, आणि खरंच लाल डोंगर भिंतीवरून मागं सरकला. एक्सपोजर ०.८० वाढवलं, हायलाइट्स उणे ५५. चेहरा आणि हात यांना मास्क लावून ०.४० आणखी. ब्लॅक्स उणे १२, शॅडोजला हातच नाही लावला. गाल ४१ टक्क्यांवर आला, हनुवटीवरच्या सुरकुत्या दिसायला लागल्या ज्या आधी नुसता केशरी ठिपका होत्या, आणि आकाश काळंच राहिलं त्यामुळं कणही गेले. रंगाच्या नॉइजचा स्लायडर २५ वरच आहे.

आईला दुपारी मोबाईलवर दाखवला. म्हणाली आता कळतंय की कोण आहे ते.

माजघर:

वा! फार छान झालाय. आजींच्या डोळ्यातली ज्योत आत्ता दिसली मला, आधीच्या फोटोत नव्हतीच ती.

मोबाईलवाल्यांसाठी पण लिहून ठेवते कारण बरेच जण तेच वापरतात. नाइट मोडमधे फोन स्वतःच पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन त्या एकावर एक जोडतो आणि वरून उजळही करतो, त्यामुळे तिथे प्रश्न उलटा असतो, रात्र परत आणावी लागते. स्नॅपसीडमधे (फोनवरचं एडिटिंगचं अॅप) मी कर्व्हचं डावीकडचं टोक तिथेच ठेवून त्याच्या जरा पुढचा बिंदू खाली ओढते, मग सिलेक्टिव्हमधे चेहऱ्यावर बोट ठेवून, चिमटीने वर्तुळ लहान करून तेवढाच ब्राइटनेस वाढवते. अॅम्बियन्सला मात्र रात्रीच्या फोटोत हात लावत नाही, तो सावल्या उचलतो. आणि व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला अंधारा फोटो कॉम्प्रेस होऊन आकाशात चौकटी पडतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो.

घाटावरचा:

@माजघर धन्यवाद ताई, हे बहिणीला फॉरवर्ड केलं.

आता राहिला प्रचि १. त्यात एक गोष्ट धरायची म्हटलं तर धरू कशाला? शेकडो पणत्या, पायऱ्या, नदी, माणसं बारीक. आणि पूर्वेकडं नुकतं तांबडं फुटायला लागलं होतं, आकाशात गडद निळा आहे.

कृष्णधवल काका:

तिथे पायरीचा दगड धरा. पणत्या पुरेशा उजळ आहेतच आणि आकाश आपला निळा घेऊन आहे, या दोघांना जोडतो तो दगड. पणतीच्या शेजारचा दगड, जिथे उजेडाचं वर्तुळ पडलं आहे, तो चौथ्या झोनला आणा आणि दोन पणत्यांमधला दगड दुसऱ्याला. दोन्ही एकाच उजेडाचे झाले तर घाटाच्या पायऱ्या मोजता येणार नाहीत आणि फोटो चपटा होईल. निळ्या आकाशाला हात लावू नका, ते जसं आहे तसंच वेळ सांगतं.

रॉ_मटेरियल:

+१. आणि प्रचि १ मधे व्हाइट बॅलन्स २८०० करू नका, आकाश शाईसारखं निळं होईल. ३५०० च्या आसपास ठेवून पायऱ्यांना मास्कमधे वेगळा द्या.

मांडवाखालचा:

काल रात्री एका जुन्या संगीतच्या फाईलवर इथलं सगळं करून बघितलं, आधी व्हाइट बॅलन्स, मग चेहरा, मग ब्लॅक्स खाली. स्टेजच्या लाल ‘पार’ दिव्यांखालचे गाल चक्क परत आले. चेहरे मी ५० ला ठेवले, ४० मला जमणार नाही, पण शॅडोज शून्यावर ठेवून सुद्धा फोटो अंधारा वाटत नाहीये.

घाटावरचा:

शेवटचा प्रश्न, प्रिंट. स्क्रीन आता ठीक आहे पण कॅलिब्रेटरचं यंत्र नाही. १२ बाय १८ एकदम टाकू का?

कृष्णधवल काका:

एकदम मुळीच टाकू नका. आम्ही एनलार्जरखाली कागदाची पट्टी ठेवून तिच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे सेकंद द्यायचो आणि मग ठरवायचो, तीच टेस्ट स्ट्रिप तुम्हीही करा. चेहऱ्याचा आणि पदराचा भाग कापून त्याच्या पाच प्रती घ्या, एक आहे तशी, बाकीच्या ०.२, ०.४, ०.६, ०.८ ने उजळ. सगळ्या एका ६ बाय ८ कागदावर शेजारी शेजारी, कोपऱ्यात आकडा लिहून, त्याच लॅबमधे आणि त्याच कागदावर छापून घ्या. कागद स्वतः उजेड देत नाही, आलेला परत फेकतो, म्हणून स्क्रीनला बरोबर वाटणारी प्रत बहुतेक वेळा थोडी अंधारी निघते आणि ०.२ किंवा ०.४ वाली पसंत पडते.

कागद कोणता घेणार तेही आधी ठरवा. मॅट कागदाचा काळा चकचकीत कागदाइतका खोल जात नाही, त्यावर पदराचा तिसरा झोन दुसऱ्यात मिसळतो. अशा अंधाऱ्या फोटोला ग्लॉसी (चकचकीत) किंवा लस्टर (अर्धवट चकचकीत) बरा. पण ग्लॉसीवर काच लावून समोर ट्यूबलाइट असेल तर काळ्या भागात बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसेल, त्यामुळे प्रदर्शनाच्या हॉलमधे दिवे कुठे आहेत ते एकदा जाऊन बघून या आणि ती पट्टी तिथेच, त्या भिंतीवर धरून निवडा.

घाटावरचा:

काका, हॉल बघून आलो. भिंतीवर वरून पिवळे स्पॉट आहेत, समोर ट्यूब नाही. लस्टरवर पट्टी छापून तिथं धरली, ०.४ वाली बरोबर वाटली, ०.६ मधे पदराच्या मागची भिंत दिसायला लागते. ०.४ ने फाईल दिली, बिनकाचेची फ्रेम सांगितलीय.

कृष्णधवल काका:

उत्तम. पट्टी फेकू नका, मागे लॅब, कागद आणि आकडा लिहून ठेवा, प्रचि १ त्याच कागदावर द्याल तेव्हा तिथूनच सुरुवात करता येईल.